रॅली नंतर काढा, आधी मतदार यादी घेऊन ओट्यावर बसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या एका गावातली आठ-नऊ पोरंपोरी, बहुतेक कॉलेजात शिकणारी. २०२४ च्या विधानसभेला त्यांनी रॅली काढली, पथनाट्य केलं, रांगोळ्या काढल्या, शाळेत शपथ घेतली, आणि मतदान जवळजवळ होतं तिथंच राहिलं. वर गावातले लोक विचारायला लागले की तुम्हाला कोणी पाठवलंय. आता त्यांना विचारायचंय की पुढच्या वेळी वेगळं काय करायचं आणि पक्षाचा शिक्का न बसता कसं करायचं.

मी बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बाजूला हे काम २००९ पासून करते. सुरुवात बचत गटातून झाली, मग यादी वाचन, फॉर्म, ग्रामसभा असं वाढत गेलं. तुम्ही केलंत ते वाईट नाही, आधी हे सांगते, कारण पोरं एकदा निराश झाली की परत येत नाहीत. पण आम्ही पहिली दोन-तीन वर्षं हेच केलं आणि आमचाही आकडा हलला नाही. का हलला नाही ते कळायला आम्हाला एक तांडा लागला, ते पुढं सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे टक्का हा काय आकडा आहे तो नीट समजून घ्या. समजा तुमच्या बूथच्या यादीत हजार नावं आहेत. त्यात चाळीस माणसं वारलेली, तीस जणांची नावं दोनदा, साठ पोरी लग्न होऊन गेलेल्या, शंभर-सव्वाशे जण नाशिक-पुण्या-मुंबईला कामाला. म्हणजे तुम्ही कितीही ढोल वाजवला तरी जवळपास अडीचशे नावं त्या दिवशी बूथवर येणारच नाहीत आणि गावात राहणारा प्रत्येक माणूस जाऊन मत देऊन आला तरी टक्का पंचाहत्तर. आणि दुसऱ्या बाजूला गावात रोज दिसणाऱ्या पन्नास-साठ जणांचं नाव यादीतच नाही, त्यात नव्या सुना, अठरा पूर्ण झालेली पोरं, भाड्यानं राहणारे, वस्तीवरचे, ते या आकड्यात मोजलेच जात नाहीत. ज्याला मत द्यायची इच्छा आहे पण नाव नाही त्याला रॅली दाखवून काय उपयोग, तो तर आधीच जागा आहे. राज्याचा टक्का २०१९ च्या विधानसभेला ६१ च्या आसपास होता तो २०२४ ला ६६ च्या आसपास गेला, पण तुमच्या गावाचं खरं चित्र या टक्क्यात नाही, ते यादीच्या पानांवर आहे.

आता तांड्याचं सांगते. आमच्याकडं दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रक-ट्रॅक्टर भरून कोल्हापूर, सांगली, सोलापूर, कर्नाटकात जातात ते मार्च-एप्रिलला माघारी. आणि मतदार यादीचा वर्षाचा संक्षिप्त पुनरीक्षण कार्यक्रम, म्हणजे यादी तपासून दुरुस्त करायची मोहीम, बऱ्याचदा नेमका ऑक्टोबर-नोव्हेंबर ते जानेवारीत असतो. एका वर्षी असंच झालं, घरोघरची पडताळणी झाली तेव्हा तांड्यावर सगळ्या खोपींना कुलपं, म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं तेवढी मागं. पुढच्या यादीत बघतो तर घरंच्या घरं स्थलांतरित म्हणून कमी केलेली. मतदानाच्या दिवशी एक बाई, पन्नाशीच्या, हातात जुनं ओळखपत्र घेऊन आल्या. बोटं उसाच्या पाचटानं चिरलेली, नखं काळी पडलेली. दोन तास रांगेत उभ्या राहिल्या आणि आत गेल्यावर सांगितलं नाव नाही. त्या काही भांडल्या नाहीत. कार्ड परत रुमालात गुंडाळलं, कनवटीला खोचलं आणि मला म्हणल्या, बाई, मग हे कार्ड कशाला दिलं होतं. मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही.

ओळखपत्र म्हणजे मत देण्याचा हक्क नाही, यादीतलं नाव म्हणजे हक्क. कार्ड नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, रोजगार हमीचं जॉब कार्ड, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटोवालं पासबुक असली दुसरी कागदं चालतात. नाव नसेल तर काहीच चालत नाही. हे एक वाक्य गावात प्रत्येकाला पाठ झालं तरी तुमचं अर्धं काम झालं.

आणि दुसरं, जे आम्ही त्यानंतर तहसीलच्या चकरा मारून मारून शिकलो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच कलम २० मध्ये लिहिलंय की माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण बदलत नाही. म्हणजे ऊसतोडीला चार-पाच महिने गेला म्हणून तो तुमच्या गावचा मतदार राहत नाही असं नाही. आणि कलम २२ प्रमाणं गाव सोडून गेला म्हणून नाव कमी करायचं तर त्या माणसाला आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. आम्ही हे दोन्ही कागदावर मांडून अर्ज दिले, सगळ्या घरांचे नवे फॉर्म भरले, टोळ्या माघारी आल्यावर मे महिन्यात एकेकाची पडताळणी करून घेतली, आणि नावं परत लागली. सगळी नाही लागली. पण बहुतेक लागली. निर्णय पटला नाही तर पहिलं अपील जिल्हाधिकाऱ्यांकडं १५ दिवसात करता येतं, हेही माहीत असू द्या, बहुतेक वेळा अपिलापर्यंत जावं लागत नाही पण तुम्हाला कायदा माहीत आहे हे समोरच्याला कळलं की फाईल हलते.

तुमच्या नाशिककडं ऊसतोड नसेल तर द्राक्षाच्या छाटणीला, कांद्याला, वीटभट्टीला, बांधकामाला जाणारे असतील, येणारेही असतील. पेठ-सुरगाण्याकडून खाली मजुरीला उतरणारी माणसं तर तुम्ही रोज बघत असाल. त्यांच्या वेळापत्रकावर तुमचं काम बसवा, निवडणुकीच्या वेळापत्रकावर नाही. हाच माझ्या उत्तराचा गाभा आहे बघा, निवडणूक लागल्यावर काम सुरू केलं तर उशीर झालेला असतो. उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेनंतर त्या निवडणुकीपुरती यादीत कुणाचं नाव घालता येत नाही की काढता येत नाही, आणि तपासणी-हरकतीला दिवस लागतात म्हणून अर्ज त्याच्या साधारण १० दिवस आधी गेलेला असावा लागतो. आणि गावात रॅल्या निघतात त्या शेवटच्या पंधरा दिवसात, म्हणजे दार बंद झाल्यावर.

यादी वाचन कसं करायचं ते सांगते, कारण यात बारीक बारीक गोष्टी असतात. निवडणूक आयोगाच्या पोर्टलवरनं तुमच्या विधानसभा मतदारसंघाची यादी भाग निवडून उतरवून घेता येते, मराठीत. तिची प्रिंट काढा, मोबाईलवर वाचू नका. म्हातारी माणसं कागदाकडं बघून बोलतात, मोबाईलकडं बघून गप्प बसतात, हा माझा अनुभव आहे. मूळ यादीच्या मागं पुरवणी असते ती विसरायची नाही, नवीन लागलेली आणि कमी केलेली नावं तिच्यात असतात, आम्ही पहिल्या वर्षी नुसती मूळ यादी वाचली आणि लोकांना चुकीचं सांगत फिरलो. मग आळी-आळीनं, वस्ती-वस्तीनं बसायचं. एका ठिकाणी, कुणाच्या तरी ओट्यावर, संध्याकाळी कामावरनं लोक आल्यावर. एक जण मोठ्यानं वाचणार, एक जण खुणा करणार, आणि त्या आळीतली एक जाणती बाई शेजारी बसलीच पाहिजे. बाईच, कारण कोणती सून कोणत्या महिन्यात आली, कोणती लेक कुठं दिली, कोण वारलं, कोण बाळंतपणाला माहेरी गेलं ते तिला पाठ असतं, गड्यांना नसतं.

खुणा आम्ही साध्या ठेवल्या. मयत, दोनदा, लग्न होऊन गेली, बाहेरगावी, चुकीचं नाव, फोटो दुसऱ्याचा, आणि मागच्या कोऱ्या पानावर यादीत नसलेल्यांची नावं. वाचायला लागलं की कौसाबाईचं कोसबाई झालेलं असतं, नवऱ्याच्या जागी सासऱ्याचं नाव, वय ३४ चं ८४, जावेचा फोटो जावेला. लोक हसतात, मग आपलं नाव यायची वाट बघत बसून राहतात, ज्याचं येत नाही त्याचा चेहरा तिथंच पडतो, आणि कुणाच्या तरी वारलेल्या बापाचं नाव मोठ्यानं वाचलं गेलं की क्षणभर सगळे गप्प होतात. त्या दोन तासात जी जागृती होते ती दहा पथनाट्यांनी होत नाही, कारण तिथं विषय लोकशाही नसतो, विषय माझं नाव असतो.

त्यानंतर फॉर्म. नाव नव्यानं घालायचं तर फॉर्म ६. नाव आहे पण चूक आहे, पत्ता बदललाय, कार्ड हरवलंय, किंवा दिव्यांग म्हणून नोंद करायचीय, या सगळ्याला फॉर्म ८. नाव कमी करायचं किंवा हरकत घ्यायची तर फॉर्म ७. परदेशात असलेल्या भारतीय नागरिकाला ६अ. पूर्वी राहायची जागा बदलली की दुसऱ्या मतदारसंघात गेलं तर ६ आणि त्याच मतदारसंघात असलं तर ८अ भरायला लागायचा, ऑगस्ट २०२२ पासून ते बदललं, पण जुने कार्यकर्ते अजून जुनंच सांगतात म्हणून लिहिते. लग्न होऊन आलेल्या मुलीचं माहेरच्या यादीत नाव असेल तर तिचा नवीन फॉर्म ६ भरू नका, फॉर्म ८ भरून नाव सासरी हलवा, नाहीतर दोन ठिकाणी नाव होतं आणि ते कायद्यानं चालत नाही. तिच्या बाबतीत आडनाव कुठलं ठेवायचं हे तिलाच विचारा. आम्ही विचारायला लागलो तेव्हा दोन-तीन मुलींनी सांगितलं की सगळी कागदं वडिलांच्या आडनावानं आहेत, तेच ठेवायचंय, आणि सासऱ्यांनी काही हरकत घेतली नाही, उलट आम्हीच उगाच गृहीत धरून बसलो होतो.

अठरा वर्षांचं गणितही बदललंय. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख होती, आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार आहेत, आणि सतरा पूर्ण झालेला मुलगा-मुलगी आगाऊ अर्ज करू शकते. म्हणजे बारावीच्या वर्गात जाऊन बसलात तर जवळजवळ सगळा वर्ग एका दिवसात होतो. तुमच्या कॉलेजात मतदार साक्षरता मंडळ असेल तर त्यांच्यामार्फत करा, नसेल तर प्राचार्यांकडं मागणी करा, २५ जानेवारीचा राष्ट्रीय मतदार दिवस तर सगळीकडं साजरा होतोच, त्या दिवशी नुसती शपथ न घेता फॉर्म भरून घ्या एवढीच माझी विनंती.

एक चूक मात्र करू नका. फॉर्मचे गठ्ठे गोळा करून तहसीलला नेऊन देऊ नका. एका माणसानं आणलेले ढीगभर अर्ज घेत नाहीत, घेऊही नयेत, कारण त्यातच बोगस नावं घुसतात. ज्याचा अर्ज त्यानं स्वतः किंवा घरच्यानं द्यायचा, नाहीतर ऑनलाइन भरायचा तर त्याच्याच घरातला मोबाईल नंबर टाकायचा. स्वयंसेवकाचा नंबर टाकला तर संदेश तुमच्याकडं येतात, त्याला कळतच नाही अर्जाचं काय झालं, आणि एकाच नंबरवर चाळीस अर्ज दिसले तर शंका घेणारा शंका घेणारच. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे बीएलओंना घेऊन वस्तीवर एक दिवस बसायचं. बीएलओ म्हणजे एका बूथच्या यादीचं काम सरकारनं ज्यांच्याकडं दिलेलं असतं ते, कुणी अंगणवाडी ताई, कुणी शाळेतले गुरुजी, त्यांची नेहमीची नोकरी करून वर हे काम. त्यांच्याशी भांडून काही होत नाही, त्यांना तुमची खुणा केलेली यादी हातात दिली तर त्यांचे कितीतरी दिवस वाचतात आणि मग ते तुमचे होतात. आमच्याकडच्या अंगणवाडी ताई आता स्वतः फोन करून सांगतात की अमुक तारखेला प्रारूप म्हणजे कच्ची यादी लागतेय, पोरांना तयार ठेवा.

राहण्याचा पुरावा हा सगळ्यात अडतो. आधार, वीजबिल, पाणीपट्टी, गॅसचं बिल, पासबुक, सातबारा, नोंदणी केलेला भाडेकरार यातलं काहीतरी लागतं. पालावर राहणाऱ्यांकडं, भटक्या समाजाकडं यातलं काहीच नसतं. तिथं लोक हात वर करतात, पण बेघर माणसाच्या बाबतीत आयोगाच्या सूचना अशा आहेत की बीएलओनं रात्री त्या जागी जाऊन तो माणूस खरंच तिथं झोपतो का हे बघायचं, एका रात्रीपेक्षा जास्त वेळा, आणि तसं असेल तर कागदी पुरावा मागायचा नाही. आम्ही एका पालावर बीएलओ गुरुजींबरोबर दोन रात्री गेलोय. बॅटरीच्या उजेडात फॉर्म भरले. पालातल्या एका आजोबांनी सही करताना विचारलं की यात गावाचं नाव काय टाकलं, आणि आमच्या गावाचं नाव टाकलंय म्हणल्यावर ते पुन्हा म्हणले, नक्की ना. इतकी वर्षं येतात-जातात, पण कुठल्या कागदावर गाव लागलेलं नव्हतं.

आता फॉर्म ७ बद्दल काळजीनं लिहिते. मयताचं नाव कमी करायला तो लागतोच, मृत्यूचा दाखला जोडून घरच्याकडनं भरून घ्या. पण हाच फॉर्म गावातले गट एकमेकांच्या विरोधात वापरतात, त्या वस्तीतली वीस नावं काढा, ही आळी विरोधात जाते. तुमच्याकडं यादी आणि खुणा दोन्ही आहेत म्हणल्यावर लोक तुमच्याकडं येणारच. आमचा नियम आहे, घरच्याशिवाय कुणाचाही फॉर्म ७ आमच्या हातून जाणार नाही. खोटं लिहून दिलं तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे, हे समोरच्याला शांतपणे सांगायचं आणि विषय संपवायचा. दोन ठिकाणी नाव असलेल्यांनाही असंच, पुण्यात फ्लॅट आहे आणि गावातही नाव आहे, गावच्या निवडणुकीला गाडी करून येतात, त्यांना दुखवू नका पण स्पष्ट सांगा की एकच ठेवा, कुठलं ठेवायचं ते तुम्ही ठरवा.

पक्षाचा शिक्का लागू नये म्हणून काय, तर याला एकच उपाय नाही, रोजचं वागणं आहे. आम्ही सुरुवातीलाच ग्रामसभेत उभं राहून सांगितलं की आम्ही कोण, काय करणार, खर्च कुणाचा. खर्च म्हणजे प्रिंटा आणि चहा, तो वर्गणीतून. कुठल्याही पुढाऱ्याची गाडी वापरायची नाही, बॅनर फुकट छापून देतो म्हणाला तरी नको, आणि ज्या ओट्यावर बसायचं तो कुठल्या गटाच्या माणसाचा आहे ते बघून पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूच्या ओट्यावर बसायचं. कुणाला मत द्या हे नाहीच, पण विकासाला मत द्या, बदलाला मत द्या हेसुद्धा बोलायचं नाही, कारण गावात त्याचा अर्थ लगेच निघतो. तुमच्या ग्रुपमधला एखादा पोरगा एखाद्या पक्षाचं स्टेटस ठेवत असेल तर त्याला निवडणुकीपुरतं ह्या कामातून बाजूला राहायला सांगा, त्याला मत असायचा अधिकार आहे पण दोन्ही एकदम होत नाही. आम्हाला यात एकदा एक फार गुणी मुलगी गमवावी लागली, वाईट वाटलं, अजून वाटतं.

मतदानाच्या आठवड्यात काम वेगळं असतं, आणि ते मुख्यतः बूथ सांगण्याचं असतं. बूथ बदलतात. पूर्वी एका केंद्रावर १५०० पर्यंत मतदार चालायचे, ती मर्यादा २०२५ मध्ये १२०० वर आणायचं ठरलं, त्यामुळं भाग फुटतात, खोल्या बदलतात, नवऱ्याचं नाव एका खोलीत आणि बायकोचं दुसऱ्या. म्हातारी माणसं जुन्या खोलीसमोर रांग लावतात आणि दीड तासानं कळतं. आम्ही फक्त खोली नंबर आणि अनुक्रमांक एका चिठ्ठीवर लिहून देतो, त्यावर दुसरं काहीही नाही. अशी चिठ्ठी किंवा सरकारची मतदार माहिती चिठ्ठीसुद्धा एकटी ओळख म्हणून चालत नाही हे सांगायचं, कागद सोबत हवाच. लोकसभा-विधानसभेला ८५ च्या वरचे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांग यांना घरून मत देता येतं, पण त्याचा फॉर्म १२ड अधिसूचनेनंतर पाचच दिवसात द्यावा लागतो, म्हणून अशा घरांची यादी तुमच्याकडं आधीच तयार पाहिजे.

बाहेरगावी असलेल्यांना टपालानं मत द्यायची सोय नाही. २०२३ च्या जानेवारीत आयोगानं दुरून मतदान करायच्या यंत्राचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं, ते काही वापरात आलं नाही. त्यामुळं जिथं आहे तिथं नाव हलवणं किंवा त्या दिवशी गावी येणं, दोनच वाटा. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टीचा हक्क १९५१ च्या कायद्यात कलम १३५ब मध्ये आहे आणि तो रोजंदारीवाल्यालाही आहे, हे एमआयडीसीतल्या पोरांना लिहून पाठवा. ऊसतोडवाल्यांना मात्र टनावर पैसे मिळतात, त्यांची सुट्टी म्हणजे बुडालेला रोज, वर यायचं-जायचं भाडं. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला, हंगामाच्या अगदी तोंडावर होती, तेव्हा आम्ही मुकादमांच्या घरी जाऊन बसलो की टोळी दोन-चार दिवस उशिरा हलवा. काहींनी ऐकलं, काहींनी कारखान्याचा निरोप दाखवला. ह्या प्रश्नाला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही.

बायकांशी मात्र वेगळं आणि एकट्यानं बोलायला लागतं, गडी माणसं समोर असली की त्या मान हलवतात आणि विषय संपतो. त्यांच्या मनात एकच भीती असते, कुणाला दिलं ते कळतं. बटण दाबल्यावर काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते ती फक्त तुम्हालाच, मग ती कापून खाली पडते, तुमचं नाव कुठंच जोडलेलं नसतं हे सांगायचं. पण खोटा दिलासा द्यायचा नाही, बूथवार आकडे नंतर बाहेर येतात, त्यामुळं गाव कुठल्या बाजूला गेलं ते कळतं, बाई कुठल्या बाजूला गेली ते कळत नाही. हा फरक समजावून सांगितला की त्या विश्वास ठेवतात. आणि म्हाताऱ्या आईबरोबर आत जाऊन बटण दाबणारा मुलगा, याचीही नियमात सोय फक्त दिसत नसेल किंवा स्वतः बटण दाबता येत नसेल तरच आहे, आणि एक माणूस त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर मागं फिरायचं नाही, केंद्राध्यक्षांकडं प्रदत्त मत मागायचं, कागदी मतपत्रिका मिळते. ते मशीनच्या मोजणीत येत नाही पण त्याची नोंद राहते, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर तीच नोंद उपयोगी पडते.

स्थानिक निवडणुकांचं थोडं, कारण इथं सगळ्यात जास्त गोंधळ आहे. ग्रामपंचायत, झेडपी, नगरपालिका ह्या राज्य निवडणूक आयोगाच्या, पण यादी विधानसभेचीच, एका ठरलेल्या तारखेची घेऊन प्रभागात फोडलेली. २०२५ मध्ये ती तारीख १ जुलै होती, त्यामुळं २ डिसेंबरच्या नगरपालिकेच्या मतदानाला, त्या तारखेनंतर नाव लागलेल्या पोरांना मत देता आलं नाही, आणि त्यांना वाटलं कुणीतरी मुद्दाम काढलं. मतंही एकापेक्षा जास्त द्यायची असतात, ग्रामपंचायतीला प्रभागात जितक्या जागा तितकी, आणि २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट निवडला जातो त्याचं वेगळं. आमच्याकडं कितीतरी बायका एकच बटण दाबून बाहेर यायच्या. तहसीलला विनंती केली तर प्रात्यक्षिकासाठी यंत्र आणून दाखवतात, ते आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा.

बिनविरोध निवडणुकीचा मोह गावोगावी असतो, भांडणं टळतात म्हणतात. सगळ्यांनी बसून ठरवलं तर मी विरोध करत नाही. पण बोली लावून सरपंचपद दिलं तर ते मत विकणंच आहे. तुमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याची आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीची निवडणूक राज्य निवडणूक आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये याच कारणानं रद्द केली होती. पोरांना हे उदाहरण माहीत असू द्या, घरचीच गोष्ट आहे.

आणि मतदान झाल्यावर थांबू नका. माझ्या मते तुमच्या ग्रुपची खरी कसोटी पुढच्या ग्रामसभेत आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या तारखा कॅलेंडरवर गोल करून ठेवा. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातलं जे कमी ते, आणि तो भरला नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणजे लोक आले नाहीत तर पंधरा जणांत सगळे ठराव मंजूर होऊ शकतात, सह्यांचं रजिस्टर नंतर घरोघर फिरतं. तुम्ही शंभर माणूस आणलंत तर हे होत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं लोक म्हणतात ना, दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, तर तिथं ते वर्षानुवर्षं एकत्र बसून, सगळ्यांचं मत मिळेपर्यंत चर्चा करून उभं राहिलंय, नुसती घोषणा देऊन नाही.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायचा नियम आहे, ती कागदावर न राहता खरंच होते का ते बघा. गेल्या खेपेला आमच्या महिला सभेत त्याच तांड्यावरच्या त्या बाई आल्या होत्या, कार्ड रुमालात बांधणाऱ्या. आता नाव यादीत आहे, मुलगा-सून दोघांचंही आहे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात हे आम्ही बचत गटात सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. त्या उठल्या आणि विचारलं की मागच्या वर्षीचे ते पैसे कशावर गेले. ग्रामसेवकांनी वही उघडली, शिलाई मशीन असं लिहिलेलं होतं. त्या म्हणल्या, मशीन कुठंय ते दाखवा, आम्हाला बघायचंय. सभा तिथंच थांबवून पंधरा-वीस बायका उठून ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीकडं गेल्या. दोन मशीन होत्या, खोक्यातच, धूळ खात. त्याच आठवड्यात त्या मशीन अंगणवाडीच्या व्हरांड्यात आल्या, आणि आता दुपारी दोन ते चार तिथं पोरी शिकायला बसतात.